‘पाहिलेला’ आणि ‘ऐकलेला’ भूतकाळ : तुर्की क्रियापदातील ‘मिश’ प्रत्यय, संशय आणि उपरोध – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला प्रत्येक साधनाबाबत एक प्रश्न विचारावाच लागतो : ही घटना लेखकाने स्वतः पाहिली की दुसऱ्याकडून ऐकली? बहुतेक भाषांमध्ये या प्रश्नाचे उत्तर मजकुराच्या बाहेर, म्हणजे लेखकाचे चरित्र, काळ आणि स्थळ यांच्या आधारे शोधावे लागते. तुर्की भाषेत मात्र या प्रश्नाचा काही भाग क्रियापदाच्या प्रत्ययातच सामावलेला आहे. तुर्की बोलणाऱ्याला भूतकाळाविषयी एक साधे वाक्य उच्चारावयाचे असले तरी ‘दी’ आणि ‘मिश’ या दोन प्रत्ययांपैकी एकाची निवड करावी लागते. ‘अली गेल्दी’ म्हणजे ‘अली आला’ आणि ‘अली गेल्मिश’ म्हणजे ‘अली आला म्हणे’ किंवा ‘अली आलेला दिसतो’. (येथील ‘गेल्’ या धातूचा अर्थ ‘येणे’ असा आहे, मराठीतील ‘गेला’ या रूपाशी त्याचा संबंध नाही.)

दुसरा प्रत्यय म्हणजे ‘मिश’ हा केवळ ऐकीव माहितीपुरता मर्यादित राहिलेला नाही. संशय, आश्चर्य, अविश्वास आणि बोचरा उपरोध व्यक्त करण्याचे ते तुर्की भाषेतील एक अत्यंत प्रभावी साधन आहे. त्यामुळे अनेकदा त्याला सरसकट ‘संशयदर्शक’ म्हटले जाते. हे वर्णन इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. ‘न पाहिलेले’ आणि ‘न मानलेले’ या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्या दोहोंतील अंतर कसे कमी होत गेले आणि तरीही ते पूर्णपणे का मिटले नाही, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. ‘मिश’ प्रत्ययाच्या अर्थाचा प्राचीन शिलालेखांपासून आधुनिक तुर्कीपर्यंतचा प्रवास पाहणे.
२. या प्रत्ययातून संशय व उपरोध कसा निर्माण होतो, याची मीमांसा करणे.
३. तुर्की ऐतिहासिक साधनांच्या वाचनात या भेदाचे महत्त्व स्पष्ट करणे.
४. संस्कृत व मराठीतील समांतर व्यवस्थांशी त्याची तुलना करणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक, ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तुर्की शब्दांचे देवनागरी लेखन उच्चाराच्या जवळ जाणारे असले, तरी सोयीपुरतेच आहे. स्वरसंवादाच्या नियमानुसार या प्रत्ययाची चार रूपे होतात. त्यांपैकी ‘मिश’ हे रूप येथे प्रत्ययाचे नाव म्हणून वापरले आहे.

‘मिश’ प्रत्ययाचे मूळ स्वरूप

‘मिश’ हे मुळात पूर्ण झालेल्या क्रियेची परिणामस्थिती दाखविणारे रूप असावे, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. आजच्या तुर्कीतील कितीतरी नामे व विशेषणे या अर्थाची साक्ष देतात. ‘ओकुमुश’ म्हणजे शिकलेला, सुशिक्षित. ‘एर्मिश’ म्हणजे पोहोचलेला, अर्थात सिद्धपुरुष. इस्तंबूलमध्ये ठरावीक मार्गावर प्रवासी भरून धावणाऱ्या सामायिक वाहनाला ‘दोल्मुश’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘भरलेला’. इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटेल अशी बाब म्हणजे तुर्कीत ‘भूतकाळ’ या अर्थी रूढ असलेला ‘गेच्मिश’ हा शब्दही याच प्रत्ययाने सिद्ध झाला आहे. ‘गेच्’ म्हणजे ओलांडणे, सरणे. ‘गेच्मिश’ म्हणजे सरलेले.

परिणामस्थितीपासून परोक्षतेपर्यंतची वाट समजण्यास अवघड नाही. रात्री झोपेत असताना बर्फ पडला आणि सकाळी खिडकी उघडल्यावर अंगण पांढरे झालेले दिसले, तर तुर्की माणूस ‘कार यामिश’, म्हणजे ‘बर्फ पडलेला दिसतो’, असे म्हणतो. त्याने परिणाम पाहिला, क्रिया पाहिली नाही. परिणामावरून केलेले अनुमान हा परोक्षतेचा पहिला टप्पा होय. दुसऱ्याच्या तोंडून मिळालेली वार्ता हा त्याचा दुसरा टप्पा. दोन्ही ठिकाणी वक्ता आणि घटना यांच्यामध्ये काहीतरी मध्यस्थ उभे असते. कधी खूण, तर कधी माणूस.

ओर्खोन शिलालेखांतील साक्ष

तुर्की भाषेतील सर्वांत जुने विस्तृत लेख आजच्या मंगोलियातील ओर्खोन नदीच्या खोऱ्यात सापडतात. त्यांपैकी क्युल तेगीनचा स्मारकस्तंभ इ. स. ७३२ मध्ये, तर त्याचा भाऊ बिल्गे कागान याचा स्तंभ इ. स. ७३५ मध्ये उभारला गेला. डॅनिश विद्वान विल्हेल्म थॉमसेन यांनी १८९३ मध्ये या लिपीचा उलगडा केला.

क्युल तेगीनच्या स्तंभावरील मजकुरात निवेदक स्वतः बिल्गे कागान आहे. बुमीन कागान व इस्तेमी कागान या पूर्वजांनी राज्य कसे स्थापन केले, हे सांगताना तो ‘मिश’ प्रत्ययान्त क्रियापदे वापरतो. ही घटना सहाव्या शतकातील, म्हणजे त्याच्या जन्मापूर्वी सव्वाशेहून अधिक वर्षे आधीची आहे. स्वतःच्या पित्याने मूठभर साथीदारांसह केलेल्या उठावाचे वर्णनही तो याच प्रत्ययाने करतो. पिता वारला तेव्हा आपण आठ वर्षांचे होतो, अशी त्याची स्वतःचीच नोंद आहे. मात्र पुढे चुलत्याबरोबर काढलेल्या मोहिमांचे वर्णन सुरू होताच क्रियापदे बदलतात आणि ‘आम्ही स्वारी केली’ या अर्थाची ‘दी’ प्रत्ययान्त रूपे येऊ लागतात. ऐकलेला इतिहास कोठे संपतो आणि अनुभवलेला इतिहास कोठे सुरू होतो, याची सीमारेषा अशा प्रकारे दगडावरील क्रियापदांतच कोरली गेली आहे.

प्राचीन तुर्कीत ‘मिश’चा प्रत्येक प्रयोग परोक्षतादर्शकच असतो, असे मात्र म्हणता येत नाही, केवळ पूर्णत्वाचा अर्थही तेथे आढळतो. तरीही या उदाहरणातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. बिल्गे कागानला आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाविषयी तिळमात्र संशय नाही. उलट त्या पराक्रमाच्या आधारावरच तो आपल्या प्रजेला उपदेश करीत आहे. येथे ‘मिश’ हा प्रत्यय अविश्वासाचा नसून अनुपस्थितीचा निदर्शक आहे. ‘हे मी पाहिले नाही’ एवढेच तो सांगतो. ‘हे खरे नाही’ असे सुचवीत नाही.

काश्गरीचे निरीक्षण

या भेदाचे व्याकरणदृष्ट्या स्पष्ट निरूपण अकराव्या शतकात मिळते. महमूद अल्-काश्गरी याने इ. स. १०७२ च्या सुमारास बगदादमध्ये ‘दिवान लुगात अत्-तुर्क’ या कोशाच्या लेखनास आरंभ केला. हा ग्रंथ अरबी भाषेत, अरबी जाणणाऱ्यांना तुर्की शिकविण्यासाठी लिहिला गेला आणि अब्बासी खलिफा अल्-मुक्तदी याला अर्पण करण्यात आला. त्याची आज उपलब्ध असलेली एकमेव हस्तलिखित प्रत १२६६ मधील आहे. ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इस्तंबूलमधील ग्रंथसंग्राहक अली एमीरी यांच्या हाती आली. काश्गरीच्या मते ‘बार्दी’ (गेला) हे रूप वक्त्याच्या उपस्थितीत घडलेल्या क्रियेसाठी, तर ‘बार्मिश’ हे रूप त्याच्या अनुपस्थितीत घडलेल्या क्रियेसाठी योजले जाते.

काश्गरीने वापरलेली कसोटी उपस्थितीची आहे, सत्यतेची नाही, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. एका परक्या भाषेच्या वाचकांसाठी लिहिताना त्याला हा भेद आवर्जून सांगावा लागला. अरबी क्रियापदात तो नसल्यामुळे अरबी वाचकाच्या लक्षात तो आपोआप येणे शक्य नव्हते.

उस्मानी परिभाषा आणि तिचे मराठी आप्त

उस्मानी काळातील व्याकरणकारांनी या दोन काळांना ‘माझी-इ शुहूदी’ आणि ‘माझी-इ नक्ली’ अशी नावे दिली. ‘शुहूदी’ म्हणजे साक्षीचा आणि ‘नक्ली’ म्हणजे कथन-परंपरेने पोहोचलेला. हे शब्द मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाहीत. ‘माझी’ हाच अरबी शब्द आपल्याकडे ‘माजी आमदार’, ‘माजी विद्यार्थी’ यांतील ‘माजी’ होऊन आला आहे आणि ‘नक्ल’ हा शब्द ‘नक्कल’ या रूपाने कचेरीत व रंगमंचावर रुळला आहे. इस्लामी विद्यापरंपरेत ज्ञानाचे ‘अक्ली’ (बुद्धिगम्य) आणि ‘नक्ली’ (परंपरागत) असे दोन वर्ग मानले जात. ‘नक्ली’ ज्ञान तेथे दुय्यम किंवा संशयास्पद नव्हते. धर्मशास्त्राचा मोठा भाग त्यावरच उभा होता. म्हणून ‘माझी-इ नक्ली’ या संज्ञेतही अविश्वासाचा ध्वनी नाही. मराठीत ‘नक्कल’ म्हटले की ‘अस्सल नव्हे ते’ असा अर्थ मनात येतो. परंपरेकडून संशयाकडे झालेला हा अर्थप्रवास ‘मिश’च्या प्रवासाशी जुळणारा आहे, हे लक्षणीय होय.

या परंपरेतील मुद्रित व्याकरणाचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे १८५१ मधील ‘कवाइद-इ उस्मानिये’ हा ग्रंथ. फुआद पाशासह तो लिहिणारा अहमद जेवदेत पाशा हा पुढे १७७४ ते १८२६ या कालखंडाचा बारा खंडांतील इतिहास लिहिणारा इतिहासकारही होता. व्याकरणकार आणि इतिहासकार या दोन भूमिका एकाच व्यक्तीत एकत्र येणे, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

१९२८ चा लिपीबदल आणि १९३२ मध्ये स्थापन झालेली तुर्की भाषा संस्था यांच्या प्रभावाने व्याकरणाची परिभाषाही बदलली. साक्षीच्या भूतकाळाला ‘पाहिलेला’ आणि परंपरागत भूतकाळाला ‘ऐकलेला’ किंवा ‘कळलेला’ भूतकाळ अशी तुर्की नावे मिळाली. त्यांच्या जोडीला ‘निश्चित’ आणि ‘अनिश्चित’ भूतकाळ ही नावेही प्रचारात आली. या शेवटच्या जोडीत कसोटी बदललेली दिसते. प्रश्न ‘कोणी पाहिले?’ असा न राहता ‘कितपत नक्की?’ असा झाला. काही युरोपीय व्याकरणकारांनी तर ‘मिश’ला ‘संशयार्थी’ असेच नाव दिले. जेफ्री ल्युइस यांनी मात्र १९६७ च्या आपल्या व्याकरणात ‘अनुमानार्थी’ ही अधिक सावध संज्ञा स्वीकारली.

परोक्षतेकडून संशयाकडे

संशयाचा अर्थ या प्रत्ययात कोठून येतो? भाषाशास्त्रज्ञ डॅन स्लोबिन आणि आयहान अक्सू-कोच यांनी १९८० च्या दशकातील आपल्या लेखनात एक उपयुक्त कल्पना मांडली. ‘मिश’चे निरनिराळे अर्थ ‘तयार नसलेल्या मना’शी जोडता येतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्या घटनेच्या घडण्याची प्रक्रिया वक्त्याच्या जाणिवेतून गेलेली नाही, ती घटना त्याच्यासमोर एकदम तयार स्वरूपात उभी राहते. म्हणून अनुमान, वार्ता आणि आश्चर्य या तिन्हींसाठी एकच प्रत्यय चालतो. स्वतःविषयी बोलतानाही तो येतो. पुस्तक वाचता वाचता डोळा लागलेला माणूस जागा झाल्यावर ‘उयुमुशुम’, म्हणजे ‘मला झोप लागलेली दिसते’, असे म्हणतो. झोप त्याचीच, परंतु तिला तो साक्षीदार नव्हता.

या स्पष्टीकरणाला आणखी एक दुवा जोडणे आवश्यक वाटते, तो म्हणजे जबाबदारीचा. ‘मिश’ वापरताना वक्ता विधानाची जबाबदारी स्वतःकडे घेत नाही. ती खुणेवर किंवा सांगणाऱ्यावर सोपवितो. जबाबदारी दुसऱ्याकडे सोपविण्याचे कारण केवळ ‘मी तेथे नव्हतो’ असे असेल तर अर्थ तटस्थ राहतो. परंतु वक्त्याला वस्तुस्थिती ठाऊक असूनही तो जेव्हा ‘मिश’ वापरतो, तेव्हा ऐकणारा साहजिकच दुसरे कारण शोधतो. आणि ते कारण अविश्वास हेच असते.

उपरोधाचे व्याकरण

आजारपणाची सबब सांगून कामावर न आलेला सहकारी संध्याकाळी बाजारात हिंडताना दिसला, असे समजू. त्याच्याविषयी तुर्की माणूस ‘हस्तायमिश!’ एवढा एकच शब्द उच्चारील. त्याचा अर्थ ‘आजारी होता म्हणे!’ असा होईल. हेच रूप दुसऱ्या प्रसंगी, साध्या स्वरात, ‘तो आजारी आहे असे कळले’ या सरळ बातमीसाठीही वापरले जाते. दोन्हींत प्रत्यय तोच. फरक पडतो तो प्रसंगाचा, स्वराचा आणि वक्ता-श्रोत्यांच्या सामायिक माहितीचा. उपरोध प्रत्ययात साठवलेला नसतो. वक्त्याला माहीत असलेले सत्य आणि त्याने निवडलेले ‘न पाहिल्याचे’ रूप यांच्या विसंगतीतून तो निर्माण होतो.

हा उपरोध निःसंदिग्ध करण्यासाठी भाषेने आणखी उपाय योजले आहेत. पहिला उपाय द्विरुक्तीचा. ‘गेल्मिशमिश’ या रूपात प्रत्यय दोनदा येतो आणि ‘आला होता म्हणे, आणि आपण ते मानायचे!’ असा काहीसा भाव उमटतो. दुसरा उपाय साहाय्यक शब्दांचा. ‘ग्यूया’ हा शब्द फारसीतील ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे, तर ‘स्योझ्दे’ म्हणजे शब्दशः ‘शब्दात’, अर्थात केवळ बोलण्यापुरते. तिसरा उपाय म्हणजे ‘मिश गिबी’ ही रचना. ‘मिश’ला ‘गिबी’ (सारखे) जोडून ‘करणे’ हे क्रियापद लावले की ‘केल्याचे सोंग आणणे’ असा अर्थ होतो. परोक्षतेचा प्रत्यय येथे थेट ढोंगाच्या वर्णनापर्यंत पोहोचला आहे.

उस्मानी सत्तेखाली दीर्घकाळ राहिलेल्या बाल्कन प्रदेशातील भाषांतही अशा रूपांचा विकास झालेला आढळतो. बल्गेरियनमधील ‘पुनर्कथनात्मक’ रूपांमागे तुर्कीचा संपर्क किती आणि अंतर्गत विकास किती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. अल्बेनियनमधील विस्मयदर्शक रूपांचा वापर कोसोव्होतील वृत्तपत्रांत प्रतिपक्षाचे दावे अविश्वासाने उद्धृत करण्यासाठी होत असे, याकडे व्हिक्टर फ्रीडमन यांनी लक्ष वेधले आहे. संशयाचे व्याकरण राजकीय संघर्षातील हत्यार कसे बनू शकते, याचे हे उदाहरण होय.

‘दी’ म्हणजे प्रत्यक्षदर्शी पुरावा नव्हे

येथे एका विरुद्ध बाजूच्या गैरसमजाचाही विचार करावा लागतो. ‘मिश’ ऐकीव असेल तर ‘दी’ प्रत्ययान्त विधान हे डोळ्यांनी पाहिलेलेच असले पाहिजे, असा निष्कर्ष मोहक असला तरी चुकीचा आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आशिकपाशाझादे याने उस्मानी घराण्याचा वृत्तांत लिहिला. घराण्याचा संस्थापक उस्मान याला पडलेल्या प्रसिद्ध स्वप्नाची कथा त्यात आहे. उस्मानचा मृत्यू चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. शिवाय स्वप्न ही गोष्ट तर स्वप्न पाहणाऱ्याखेरीज कोणालाही दिसणे अशक्य. तरीही तो झोपला, त्याने पाहिले, ही क्रियापदे वृत्तांतकार ‘दी’ प्रत्ययाने योजतो. येथे ‘दी’चा अर्थ ‘मी पाहिले’ असा नसून ‘हे असेच घडले, मी त्याची ग्वाही देतो’ असा आहे. राजवंशाच्या अधिकाराचा पाया असलेली कथा लेखक हमी देऊन सांगतो आहे.

मुस्तफा केमाल अतातुर्क यांनी ऑक्टोबर १९२७ मध्ये सलग सहा दिवस केलेल्या ‘नुतुक’ या भाषणाचा प्रारंभ १९ मे १९१९ रोजी सामसून येथे उतरल्याच्या प्रथमपुरुषी, ‘दी’ प्रत्ययान्त विधानाने होतो. तेथे साक्ष आणि ग्वाही दोन्ही एकत्र आहेत. मात्र आजच्या तुर्की वृत्तपत्रांतील व पाठ्यपुस्तकांतील ‘दी’ ही बहुतांशी केवळ ग्वाही असते.

याहून सूक्ष्म उदाहरण ‘मिश्तिर’ या जोडप्रत्ययाचे आहे. ‘मिश’ला ‘दिर’ हा निश्चयार्थी अंश जोडला की सरकारी सूचना, विश्वकोश आणि संशोधनपर लेखन यांची औपचारिक शैली तयार होते. ‘कुरुल्मुश्तुर’ म्हणजे ‘(संस्था) स्थापन झाली आहे’. ऐकीवपणाची छटा येथे पुसली जाऊन अधिकृतता येते. परंतु रोजच्या बोलण्यात ‘गेल्मिश्तिर’ म्हटले तर त्याचा अर्थ ‘आला असेल’ असा अंदाजाचा होतो. एकाच रूपाचा अर्थ लेखनप्रकारानुसार अधिकृत विधान ते अंदाज असा बदलतो, हे साधनांच्या वाचकाने सतत ध्यानात ठेवले पाहिजे.

संस्कृत व मराठीतील समांतर व्यवस्था

भारतीय वाचकाला हा भेद नवा वाटण्याचे कारण नाही. पाणिनीने लिट् लकाराचे विधान ‘परोक्ष’ भूतकाळासाठी केले आहे. झोपेत किंवा चित्त ठिकाणावर नसताना केलेली स्वतःची क्रियाही कर्त्याला परोक्षच असते, म्हणून प्रथमपुरुषी ‘मी’बरोबरही लिट् येऊ शकतो, असे व्याकरणपरंपरा मानते. हे स्पष्टीकरण ‘उयुमुशुम’ला तंतोतंत लागू पडते. घटना परोक्ष असली तरी लोकप्रसिद्ध असेल आणि वक्त्याला ती पाहणे शक्य होते असे असेल, तर लङ् लकार वापरावा, अशी पुरवणी कात्यायनाने जोडली. तिच्या स्पष्टीकरणार्थ पतंजलीने यवनाने साकेताला घातलेल्या वेढ्याचे उदाहरण दिले. गोल्डस्टुकर यांनी १८६१ मध्ये या उदाहरणाचा, आणि पुढे रा. गो. भांडारकर यांनी महाभाष्यातील अशा समकालीन उल्लेखांचा आधार घेऊन पतंजलीचा काळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात निश्चित केला. क्रियापदाच्या रूपावरून ऐतिहासिक कालनिर्णय करता येतो, याचा हा वस्तुपाठच होय.

मराठी क्रियापदात असा स्वतंत्र प्रत्यय नाही; पण कार्य मात्र होते. ‘पाऊस पडलेला दिसतो’ हे अनुमान, ‘पाऊस पडला म्हणे’ ही वार्ता, ‘अरे, पाऊस पडला की!’ हे आश्चर्य, आणि ‘म्हणे मी चोर!’ हा उपरोध. तुर्कीत या चारही ठिकाणी ‘मिश’ चालू शकतो. विशेष म्हणजे मराठीतील ‘म्हणे’, फारसीतून तुर्कीत आलेला ‘ग्यूया’ आणि तुर्की ‘स्योझ्दे’ या तिन्ही शब्दांचे मूळ ‘बोलणे’ वा ‘शब्द’ या कल्पनेत आहे. ‘कोणीतरी म्हणतो’ यापासून ‘म्हणतो तर म्हणू दे’ इथपर्यंतचा प्रवास या भाषांनी आपापल्या मार्गाने केला. मात्र मराठीत ‘म्हणे’ गाळता येते, तुर्कीत ‘दी’ आणि ‘मिश’ यांतील निवड टाळता येत नाही.

निष्कर्ष

१. ‘मिश’ प्रत्ययाचा ऐतिहासिक गाभा अनुपस्थितीचा आहे. ओर्खोन शिलालेख आणि काश्गरी या दोन्हींच्या साक्षीनुसार ‘न पाहिलेले’ म्हणजे ‘खोटे’ नव्हे.

२. संशय व उपरोध हे या प्रत्ययाचे प्रसंगाधीन अर्थ आहेत. जबाबदारी नाकारण्याचे कारण अनुपस्थिती नसून अविश्वास आहे, हे श्रोत्याला उमगल्यावरच ते प्रकट होतात.

३. ‘दी’ हा प्रत्यय प्रत्यक्षदर्शी पुराव्याची खूण नसून वक्त्याने दिलेल्या ग्वाहीची खूण आहे. उस्मानच्या स्वप्नकथेसारख्या ठिकाणी ही ग्वाही लेखकाची निष्ठा सांगते, घटनेची सत्यता नव्हे.

४. भारतात तुर्कस्तानचा इतिहास बहुधा इंग्रजी भाषांतरांतून शिकविला जातो. त्या भाषांतरांत ‘गेल्दी’ आणि ‘गेल्मिश’ दोन्ही ‘आला’ होऊन जातात आणि मूळ लेखकाने स्वतःच नोंदविलेला साक्षीचा भेद नाहीसा होतो. अशी साधने मराठीत आणताना ‘असे कळते’, ‘आलेला दिसतो’, ‘आला म्हणे’ यांपैकी योग्य पर्यायाची निवड प्रत्येक प्रसंगी विचारपूर्वक करावी लागेल. उपरोध नसलेल्या ठिकाणी ‘म्हणे’ योजल्यास बिल्गे कागानच्या तोंडी आपल्याच पूर्वजांची थट्टा घातल्यासारखे होईल.

साधनचिकित्सेचे शास्त्र इतिहासकारांनी घडविले, तरी तिचे बीज रोजच्या बोलण्यात आधीपासून होते. तुर्की बोलणारे मूल दोन भूतकाळांतील फरक शिकते, तेव्हा ‘हे तुला कसे कळले?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासही ते शिकत असते. त्या उत्तराचा अर्थ लावताना सत्यता, साक्ष आणि निष्ठा या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.